सरकारी लिलावातलं जुनं पोकलेन घेतलं, दीड वर्ष चालवून लिहितोय

सध्या सोलापूरजवळच्या मंद्रूपच्या पुढं एका शेतात माझं पोकलेन, म्हणजे चेनवर चालणारं खोदाईचं मशीन, विहिरीवर चालू आहे. दारावर सरकारी खात्याचं नाव होतं ते आम्ही घासून काढलं, पण ऊन तिरकं पडलं की अक्षरं अजून दिसतात. मागच्या आठवड्यात तिथं शेतकऱ्याचे पाव्हणे आले होते, ती अक्षरं बघून विचारायला लागले, मालक हे सरकारी मशीन तुमच्याकडं कसं काय, लिलावात लई स्वस्त मिळतंय म्हणे, आम्हालाही एक बघा की. हाच प्रश्न वर्षभरात इतक्या जणांनी विचारलाय की एकदा सगळं लिहूनच टाकावं म्हटलं. स्वस्त मिळतं हे खरं आहे. पण किती स्वस्त आणि त्यासाठी काय काय करावं लागतं हे कुणी सांगत नाही, आणि मला कुणी सांगितलं असतं तर माझे लाखभर रुपये आणि एक महिना वाचला असता.

आधी माझं सांगतो. सोलापुरात माझे दोन जेसीबी आणि एक टिपर आहे, शेततळी, बांध, पाइपलाइनची चर, विहिरीचा मुरूम उचलणं असली कामं. २०२३ ला पाऊस दगा देऊन गेला, उजनी धरण भरलंच नाही, पुढच्या वर्षी ते मायनसमध्ये, म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही खाली गेलं, आणि अशा वर्षात आपल्याकडं जो तो विहीर खोल करायला निघतो. विहिरीत जेसीबी एका मर्यादेपर्यंतच चालतो, खाली पाषाण लागला की पोकलेन आणि त्याला लावायचा दगड फोडणारा ब्रेकर पाहिजेच. मी दुसऱ्याचं पोकलेन तासावर भाड्यानं लावत होतो आणि दिवसाच्या कमाईतला मोठा वाटा त्यालाच जात होता. नवीन २० टनी मशीन पन्नास लाखाच्या पुढं, बाजारात दलालाकडं जुनं बरं मशीन पंधरा ते अठरा लाख सांगत होते. तेव्हा सरकारी लिलावाकडं वळलो.

हे लिलाव आता बहुतेक सगळे ऑनलाइन होतात. एमएसटीसी म्हणून केंद्र सरकारची कंपनी आहे, पोलाद मंत्रालयाच्या हाताखालची, १९६४ पासूनची, मुख्य ऑफिस कोलकात्याला. रेल्वे, वीज कंपन्या, राज्य सरकारची खाती, बरेच जण तिच्या पोर्टलवर आपला जुना माल काढतात. जेम या सरकारी खरेदीविक्रीच्या पोर्टलवरपण फॉरवर्ड ऑक्शन नावानं सरकारी जुन्या मालाची विक्री चालते. काही ठिकाणी अजून जाहीर नोटीस पेपरात येते. मी कुठल्या पोर्टलवरनं आणि कुठल्या खात्याचं घेतलं ते लिहीत नाही, कारण पुढं काही तक्रारी येणार आहेत आणि त्या मला कुणा एकावर टाकायच्या नाहीत. पद्धत सगळीकडं जवळपास सारखीच आहे.

रजिस्ट्रेशनला पॅन, जीएसटी नंबर, बँकेचा रद्द केलेला चेक असलं सगळं लागतं, त्यात आठवडा धरा. मग कॅटलॉग बघायचा. कॅटलॉग म्हणजे लॉटची, एकत्र विकायला काढलेल्या मालाची यादी, कुठल्या यार्डात माल आहे, पाहणी कुठल्या तारखांना, ईएमडी म्हणजे बोलीआधी भरायची अनामत किती, पैसे किती दिवसात भरायचे, माल किती दिवसात उचलायचा. इथं पहिली गोष्ट, कॅटलॉगमधल्या अटी शेवटच्या पानापर्यंत वाचा, लहान अक्षरातल्यासुद्धा. "जिथे आहे जसे आहे" आणि "कोणतीही तक्रार चालणार नाही" हे दोन शब्दप्रयोग प्रत्येक कॅटलॉगमध्ये असतात आणि ते अगदी शब्दशः खरे असतात. इंजिन आहे असं लिहिलंय म्हणजे इंजिन चालू आहे असं नाही. फोटोत बकेट दिसते म्हणजे ती बकेट लॉटमध्ये आहेच असंपण नाही.

मी सुरुवातीला एका रोड रोलरवर आणि एका जुन्या जेसीबीवर डोळा ठेवून होतो. दोन्ही सोडावे लागले आणि त्याचं कारण नवीन घेणाऱ्या सगळ्यांनी नीट समजून घ्या. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी गाड्या १५ वर्षांच्या झाल्या की त्यांचं रजिस्ट्रेशन पुढं चालत नाही, त्या नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच मोडायला जातात. म्हणजे तसल्या लॉटवर बोली लावायचा हक्कच त्या केंद्रांना असतो, तुम्हा आम्हाला नाही. आणि गाडी म्हणजे फक्त जीप आणि टिपर नव्हे. मोटार वाहन नियमात टायरवर चालणारं किंवा लोखंडी ड्रमवर चालणारं मशीन हेपण वाहनच धरलंय, म्हणून रबरी टायरचा जेसीबी आणि रोलर दोन्ही त्यात येतात. चेनवर चालणारं पोकलेन किंवा डोझर त्या व्याख्येत येत नाही, त्याला आरसी नसते, ते रस्त्यानं चालवत न्यायचं नसतं, ट्रेलरवरच न्यायचं. त्यामुळं आमच्यासारख्यांनी सरकारी लिलावात जुनं मशीन बघायचं तर चेनचं बघावं, टायरचं बघायचं तर आधी त्याचं रजिस्ट्रेशनचं वर्ष बघावं. एक ओळखीचे मालक टायरच्या लोडरसाठी पाहणीला दोनशे किलोमीटर जाऊन आले आणि तिथं कळलं की हा लॉट फक्त स्क्रॅपिंगवाल्यांना आहे. ते अटीत लिहिलेलं होतंच.

अजून एक, काही लॉटमध्ये जुन्या बॅटऱ्या, वापरलेलं ऑइल असतं, ते घातक कचऱ्यात मोडतं, त्याला प्रदूषण मंडळाची परवानगी असलेलाच माणूस बोली लावू शकतो. आणि काही ठिकाणी मशीनबरोबर तीन टन मिक्स भंगार आणि फाटके टायर एकाच लॉटमध्ये बांधलेले असतात. लॉट अख्खा उचलावा लागतो, आवडलेलं तेवढं घेतो असं नाही चालत.

आता पाहणीचा दिवस. माझ्या मते या सगळ्या प्रकारातला हाच खरा दिवस, स्क्रीनवर बोली लावायचा दिवस नंतरचा. एक चूक मी केली नाही, एकटा गेलो नाही. आमचा मेस्त्री अक्कलकोट रोडला असतो, वय साठीच्या पुढं, घरात तेलुगू बोलतो, माझ्याशी मराठी आणि मशीनशी कुठलीही. त्याला अण्णा म्हणतात सगळे. पहाटे पाचला निघालो, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, कारण यार्ड गावाबाहेर होतं आणि तिथं चहासुद्धा मिळत नाही हे अण्णाला माहीत होतं. जीपमध्ये दोन चार्ज केलेल्या बॅटऱ्या आणि जंपर केबल घेतली होती, कारण पोकलेनला २४ व्होल्ट लागतात आणि यार्डातल्या बॅटऱ्या मेलेल्या असणार हे गृहीतच होतं.

बॅटऱ्या नेल्या ते फुकट गेलं. यार्डातल्या साहेबांनी सांगितलं चालू करायची परवानगी नाही, फक्त बघा. त्यांचीपण चूक म्हणत नाही, त्यांच्याकडं तसा लेखी आदेश नव्हता. पण पुढच्या वेळेला मी आधी अर्ज देऊन विचारणार आणि तुम्हीही विचारा, काही ठिकाणी देतात.

मशीन वेड्या बाभळीत उभं होतं. एक फांदी चेनच्या मधनं वर आली होती, मनगटाएवढी जाड, म्हणजे मशीन किती वर्षं हललं नाही ते बाभळीनंच सांगितलं. चौकीदाराला विचारलं तर म्हणाला चार पावसाळे झाले. अवरमीटर, म्हणजे मशीन किती चाललं ते मोजणारा मीटर, नऊ हजार आठशे तासांवर थांबलेला. हे २०१० च्या आसपासचं मशीन, खाजगीत असतं तर एवढ्या वर्षांत त्याच्या दुप्पट तास झाले असते. लॉगबुक मागितलं, सरकारी मशीनला लॉगबुक असतं, कुठं गेलं, किती तास चाललं, किती डिझेल टाकलं सगळं लिहिलेलं असतं, आणि ते यार्डात सापडलं. वही वाळवीनं खाल्लेली होती पण शेवटचं वर्ष वाचता आलं, त्यात पंप दुरुस्तीसाठी पाठवला अशी नोंद होती आणि तो परत बसवल्याची नोंद नव्हती. पंप जागेवर होता. पण दुरुस्त होऊन आलेला की तसाच, हे कळायला मार्ग नव्हता. अण्णा म्हणाला पंप खराब धरूनच चाला, चांगला निघाला तर नशीब.

सरकारी मशीन चालून मरत नाही, उभं राहून मरतं. खाजगी मालकाचं मशीन सांध्यातले पिन बुश झिजेपर्यंत, बकेटचे दात जाईपर्यंत चालवलेलं असतं. सरकारी मशीनच्या पिना चांगल्या असतात, बूमला म्हणजे मोठ्या हाताला वेल्डिंग नसतं, पण रबर सगळं गेलेलं, सील कडक झालेले, टाकीत पाणी, डिझेल टाकीच्या तळाला काळा चिखल. अण्णानं पहिल्यांदा इंजिनचं पुढचं झाकण काढून क्रँकच्या पुलीला पाना लावला आणि हातानं फिरवलं. मी श्वास धरून उभा होतो. अर्धा इंच, मग थोडं अजून, मग फिरलं. जाम नव्हतं. तिथंच अर्ध काम झालं. डिपस्टिक काढून बोटावर ऑइल घेतलं, काळं होतं पण दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी शिरलं नव्हतं. हायड्रॉलिक टाकीच्या काचेत मात्र तेल पांढरट दिसत होतं, तिथं पाणी होतं.

मग सिलेंडर. यातलं मी त्या दिवशी शिकलो आणि हे खरंच शिकण्यासारखं आहे. मशीन उभं करताना बकेटच्या सिलेंडरचा रॉड बाहेर आलेला तसाच ठेवला होता, म्हणजे हा चकचकीत रॉड चार वर्षं पावसात उघडा. अण्णानं खिशातनं कापड काढलं, रॉड पुसला, आणि अंगठ्याचं नख वरनं खालपर्यंत हळू ओढत नेलं. तीन ठिकाणी नख अडकलं. तिथं बघितलं तर क्रोमवर मोहरीएवढे खड्डे. तो म्हणाला नख अडकलं की सील फाटणार, नवीन सील किट टाकलं तरी पंधरा दिवसात तेल गळणार, हा रॉड क्रोमिंगला पाठवायला लागेल. बूमचे दोन्ही रॉड आत होते, बाहेर दिसत होता तेवढा भाग नखाला गुळगुळीत लागला. एवढ्या एका तपासणीनं आमच्या हिशोबात काय धरायचं आणि काय नाही ते ठरलं. कुठलंही यंत्र नको, नख पाहिजे.

चेन बघायला अण्णा आडवा झोपून खाली शिरला. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन फिरवणाऱ्या चाकाचे, दात करवतीसारखे टोकदार झाले होते, म्हणजे चेन संपलेली. चेनच्या मशीनच्या मेंटेनन्समधला निम्मा खर्च खालच्या भागातच जातो असं सगळे जुने लोक सांगतात, ट्रॅक रोलर, आयडलर, स्प्रॉकेट, चेन. वरनं रंग बघून भाव करणारे इथंच फसतात. चेनला जोर देणाऱ्या फायनल ड्राइव्हच्या खाली जमिनीवर तेलाचा डाग नव्हता. स्विंगच्या, म्हणजे मशीनचा वरचा भाग गोल फिरतो तिथल्या, बेअरिंगमध्ये खेळ आहे का ते चालू केल्याशिवाय कळणार नाही, ते आम्ही राम भरोसे सोडलं.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं, नंबरप्लेट. म्हणजे मशीनचा सिरियल नंबर आणि इंजिन नंबर. केबिनखालच्या पट्टीवर खात्यानं दोनदा पिवळा रंग मारलेला होता. थिनर लावून कापडानं घासलं तेव्हा एकेक आकडा वर आला. कॅटलॉगमधल्या नंबराशी जुळवला, शेवटचे दोन आकडे उलटसुलट छापलेले निघाले. तेव्हाच साहेबांना दाखवलं, त्यांनी नोंद केली आणि पुढं कागदावर बरोबर नंबर आला. आरसी नसलेल्या मशीनला मालकीचा पुरावा म्हणजे हाच, विक्रीपत्र, डिलिव्हरी ऑर्डर, इन्व्हॉइस, गेटपास आणि त्यावरचा सिरियल नंबर. उद्या विमा काढायचा, कुठं पोलिसांनी अडवलं, पुढं विकायचं, सगळीकडं हेच कागद लागतात. नंबर चुकलेला कागद हातात घेऊन घरी आलात तर तो दुरुस्त करून घ्यायला जोडे झिजतात.

परत येताना जीपमध्ये हिशोब केला. बोली किती लावायची हे कसं ठरवायचं तर आधी भंगाराचा भाव काढायचा. मशीन साधारण २० टनाचं, त्या वेळी भंगार किलोला तीसच्या आसपास धरलं तर सहा लाख. भंगारवाला त्याच्या वर फार जाणार नाही कारण त्याला गॅस कटर, मजुरी, वाहतूक, नफा सगळं त्यातच बसवायचंय. म्हणजे सहाच्या खाली मिळणार नाही आणि सहाच्या वर जो थोडा गेला त्याला मिळणार. दुसऱ्या बाजूनं बाजारातल्या चालू मशीनचा भाव पंधरा, त्यातनं दुरुस्तीचा वाईटात वाईट अंदाज पाच, वाहतूक अर्धा, आणि माझ्या जोखमीचा एक वजा केला तर साडेआठ. तेवढा आकडा मी कागदावर लिहून बायकोकडं दिला आणि सांगितलं यापुढं मी गेलो तर लॅपटॉप बंद करायचा.

लिलावाच्या दिवशी सकाळी अकराला सुरू झालं. शेवटच्या काही मिनिटांत कुणी बोली टाकली की वेळ आपोआप वाढते, त्यामुळं शेवटच्या सेकंदाला टाकून जिंकू असं काही नसतं. साडेपाच, सहा, सहा दहा, मग बराच वेळ शांत, मग परत. समोरचे कोण ते दिसत नाही, पण आकडे कसे पडतात त्यावरनं कळतं, पाच पाच हजारानं वर जाणारा भंगारवाला असतो, एकदम चाळीस हजार टाकणाऱ्याला मशीन पाहिजे असतं. असा माझ्यासारखा अजून एक जण होता. सात पासष्टला तो थांबला. ७,६५,००० ला मी एच वन झालो, म्हणजे सगळ्यात जास्त बोलीवाला. घरात सगळ्यांना पेढे वाटले.

पेढे लवकर वाटले. एच वन म्हणजे मशीन आपलं झालं असं नाही. बहुतेक लॉट "मंजुरीच्या अधीन" असतात, खात्याला तो भाव पटला तर मंजूर, नाही तर परत लिलाव. आणि ती मंजुरी खालच्या टेबलावरनं वरच्या टेबलावर जाते. डिसेंबरच्या शेवटी बोली झाली, माझी ईएमडी अडकलेली, जानेवारीत गड्ड्याची यात्रा आली आणि गेली, काही कळेना. पोर्टलवर एकच शब्द, प्रलंबित. मी दर आठवड्याला फोन करत होतो, साहेब चांगलं बोलायचे पण फाइल वर गेली आहे एवढंच सांगायचे. फेब्रुवारीच्या शेवटी मंजुरी आली. या दोन महिन्यांत माझी दोन कामं हातची गेली आणि भाड्याच्या पोकलेनला पैसे चालूच होते. माझी या सगळ्या पद्धतीबद्दल मोठी नाराजी कुठली असेल तर हीच. बोली लावणाऱ्याला पैसे भरायला मोजके दिवस, एक दिवस उशीर झाला की ईएमडी जप्त, माल उचलायला मोजके दिवस, उशीर झाला की जागेचं भाडं, आणि खात्याला मंजुरी द्यायला काहीच बंधन नाही. दोन्ही बाजूला सारखा नियम पाहिजे. छोट्या माणसाचे पैसे असे अडकवून ठेवणं बरोबर नाही.

पैसे भरतानाचं सांगतो कारण इथं माझा सीएसुद्धा आधी गोंधळला. राज्य सरकारचं खातं जुना वापरलेला माल जीएसटी नंबर असलेल्या माणसाला विकतं तेव्हा जीएसटी रिव्हर्स चार्जमध्ये येतो, म्हणजे खात्याला द्यायचा नाही, आपणच सरकारला भरायचा आणि आपल्या रिटर्नमध्ये क्रेडिट घ्यायचं. १८ टक्क्यानं १,३७,७०० झाले. क्रेडिटमध्ये परत बसतात हे खरं, पण आधी खिशातनं रोख जातात, त्याची सोय करून ठेवा. कॅटलॉगमध्ये माल भंगार म्हणून धरला होता म्हणून वर १ टक्का टीसीएस, म्हणजे विकणारा आपल्याकडनं आगाऊ घेतो तो कर, ७,६५० रुपये, ते इन्कम टॅक्समध्ये वळते होतात. फायनान्स मात्र मिळाला नाही. माझ्या नेहमीच्या फायनान्सवाल्यानं बंद मशीनवर आणि भंगार लिहिलेल्या कागदावर पैसे देणार नाही म्हणून स्पष्ट सांगितलं. सगळे रोख उभे करावे लागले, त्यात बायकोचे दागिनेपण होते, नंतर सोडवले.

मार्चच्या शेवटी उचलायला गेलो. तोपर्यंत लोकसभेची आचारसंहिता लागली होती, गेटपासवर सही करणारे साहेब निवडणुकीच्या ट्रेनिंगला, एक दिवस ट्रेलर आणि हायड्रा क्रेन तशीच उभी. दुसऱ्या दिवशी मशीनजवळ गेलो तर इंजिन चालू करायचा सेल्फ गायब, दोन्ही बॅटऱ्या गायब, केबिनमधला एक दिवा आणि आरसा गायब. पाहणीला गेलो तेव्हा हे सगळं जागेवर होतं, माझ्या मोबाइलमध्ये तारखेसकट फोटो होते. दाखवले. साहेबांना वाईट वाटल्यासारखं झालं पण म्हणाले लेखी काही करता येणार नाही, जसे आहे तसे. चौकीदार बिचारा घाबरून गेला होता, एवढ्या मोठ्या यार्डाला तो एकटा, कंपाउंड मागनं तुटलेलं, त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता. मी तक्रारीचा अर्ज दिला, त्याचं उत्तर आजपर्यंत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की पाहणीच्या दिवशी मशीनला काय काय आहे याची यादी दोघांच्या सहीनं झाली पाहिजे आणि डिलिव्हरीला तीच यादी धरून माल दिला पाहिजे. आता मी स्वतः अशी यादी करून नेतो आणि आवक शिक्का मारून घेतो. शिक्का मारायला कुणी नाही म्हणत नाही, आणि कागद असला की यार्डातली माणसंपण जरा लक्ष ठेवतात.

मशीन चालत नाही म्हणजे ट्रेलरवर ओढून चढवायचं. चेन गंजून धरलेली, हायड्रानं पुढनं ओढायचं आणि अण्णाचा पोरगा पहारीनं रोलरमधली माती खरवडत पुढं सरकायचा, असे चार तास. बाभळीची फांदी कापायला कोयता नव्हता, चौकीदारानंच आणून दिला. ईवे बिल, म्हणजे माल रस्त्यानं न्यायचा जीएसटीचा कागद, माझ्या अकाउंटंटनं फोनवर काढून पाठवलं, ते विसरू नका, एवढ्या किमतीच्या मालाला लागतंच. ट्रेलर, हायड्रा, एक दिवसाचा खोळंबा मिळून ४७,००० गेले.

दुरुस्ती दीड महिना चालली. उन्हाळा असला की सोलापुरात दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही, अण्णा सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतर काम करायचा. पंप खोलला तेव्हा आत दुरुस्ती झालेलीच नव्हती, लॉगबुक बरोबर होतं, त्याचे १,५५,००० गेले. चेन आणि स्प्रॉकेट जुन्यातलं चांगलं हैदराबादवरनं मागवलं, १,७२,०००. बॅटऱ्या आणि सेल्फ ४१,०००, म्हणजे चोरीचा फटका बहुतेक हाच. होज पाइप, सील किट आणि बकेटच्या रॉडचं क्रोमिंग ५८,०००. इंजेक्टर, डिझेल पंप सर्व्हिस, टाकी धुणं ३१,०००. अण्णाची मजुरी २५,०००, ती त्यानं कमीच घेतली. दुरुस्ती एकूण ४,८२,०००. बोली, वाहतूक, दुरुस्ती सगळं धरून मशीन मला १२,९४,००० ला पडलं. स्विंगचं बेअरिंग चांगलं निघालं, तिथं देवानं बघितलं.

आता याला स्वस्त म्हणायचं का? दलालाकडनं पंधरा सोळाला चालू मशीन मिळत होतं, म्हणजे वाचले दोन ते तीन लाख, आणि पाच महिने गेले. नुसता आकडा बघितला तर फार काही नाही. पण दलालाच्या मशीनच्या आत काय आहे ते मला कधीच कळलं नसतं, आणि माझ्या मशीनचा प्रत्येक नट आमच्यासमोर खोललेला आहे. मे २०२४ च्या मध्याला ते पहिल्यांदा विहिरीवर गेलं, त्यानंतर आजपर्यंत दोन हजार तासांच्या वर चाललंय. एक होज फुटला आणि एकदा अल्टरनेटर गेला, त्यापलीकडं काम थांबलेलं नाही. बूमला अजून एक वेल्डिंग नाही. इंजिन असं आहे की थंडीत सकाळी पहिल्या सेल्फला उठतं.

पाचपैकी द्यायचे तर मशीनला साडेचार देईन, लिलावाच्या पद्धतीला तीन. बोली उघडपणे होते, मध्ये कुणाला काही द्यावं लागलं नाही, एक रुपया नाही, हे मी मुद्दाम लिहितो कारण लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही. गुण गेले ते मंजुरीच्या वाट बघण्यात आणि यार्डातल्या राखणीत.

ज्याच्याकडं आधीच एखादं मशीन कमावतंय, स्वतःचा भरवशाचा मेस्त्री आहे आणि चार पाच महिने पैसे अडकले तरी घर चालतं, त्यानं जरूर बघावं. पहिलंच मशीन घेणाऱ्या पोरांनी, कर्ज काढून, यात उतरू नये. दोन जणांना मी असं सांगितलं, त्यातला एक रागावला, तरी मी परत तेच सांगेन. हप्ता महिन्याला येतो आणि फाइल टेबलावरनं कधी हलेल सांगता येत नाही.

येत्या गुरुवारी एका डोझरची पाहणी आहे. चालू करून बघायच्या परवानगीचा अर्ज आठ दिवसांपूर्वी दिलाय, यावेळी पोच हातात आहे. अण्णाला सांगून ठेवलंय, बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यात, आणि कोयता घेतलाय.